घराच्या वहीत न चढलेली नावे बाजू

व्यापारी घराण्यात रोजमेळ जुळल्याशिवाय पेढी बंद होत नाही. गल्ल्यात वीस रुपये कमी आले तरी पुन्हा बेरजा मारल्या जातात, दिवसभराच्या पावत्या पुन्हा चाळल्या जातात, आणि फरक सापडला की मगच कुलूप लागते. त्याच कुटुंबाच्या घरात मात्र रोज जे वाया जाते त्याची नोंद कोणी करीत नाही. कोमेजलेली मेथी, नासलेले दूध, रात्रभर टपकणारा नळ, रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा यांचा खर्च किराणा, वीजबिल आणि सोसायटीची वर्गणी अशा भारदस्त खात्यांत मिसळून जातो आणि तेरीज बिनबोभाट जुळते.

बँकेच्या अंतर्गत तपासणीत ‘उत्पन्नाची गळती’ असा एक ठरावीक मथळा असतो. माझ्या नोकरीची शेवटची काही वर्षे या तपासणीच्या कामात गेली. कुठे लॉकरचे भाडे लावायचे राहिलेले असे, कुठे हमीपत्राचे कमिशन कमी आकारलेले असे, कुठे गोदाम-पाहणीचा खर्च खातेदाराच्या नावे टाकलेला नसे. एकेक रक्कम शे-दोनशेची; पण वर्षाची बेरीज मांडली की शाखाधिकारी चष्मा काढून ठेवीत. या वसुलीसाठी एकही नवा ग्राहक आणावा लागत नसे, एकही नवे कर्ज द्यावे लागत नसे. जे आपलेच होते ते बाहेर जाऊ द्यायचे नाही, एवढेच काम. निवृत्तीनंतर हीच तपासणी घराला लावून पाहावी असे मनात होते.

गेल्या माघ महिन्यात आमच्या पाच माणसांच्या घरातला कचरा आम्ही तीस दिवस तोलला. साधन म्हणजे हुकाला पिशवी अडकवायचा छोटा वजनकाटा. स्वयंपाकघराच्या दारामागे सूनबाईंनी चार रकान्यांचा कागद लावला; नोंदीचे काम नातवाने अंगावर घेतले. महिन्याअखेर एकूण ४३ किलो कचरा भरला. त्यांपैकी ३४ किलो ओला आणि ९ किलो सुका. ओल्यातील साली, देठ, चहाचा चोथा, देवपूजेची फुले हे सारे वेगळे काढले तर २६ किलो ५०० ग्रॅम. राहिलेले साडेसात किलो मात्र असे होते की ते वेळेवर वापरले असते तर कोणाच्या तरी पोटात गेले असते. पोळ्या, भात, भाज्या, आंबून गेलेले दही, काळी पडलेली केळी, फ्रीजच्या खालच्या खणात पाणी सुटलेली कोथिंबीर.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतीय घरांत माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते असा अंदाज दिला आहे. जगाची सरासरी ७९ किलो आहे. त्या मोजणीत साली आणि बियाही धरल्या जातात, त्यामुळे तो आकडा आमच्या साडेसात किलोंशी थेट ताडता येत नाही. फक्त खाण्याजोगे तेवढे धरले तर आमच्या घरी ते माणशी वर्षाला १८ किलो पडते. घरात ताटात टाकण्याची पद्धत नाही, थाळी धुऊन पिणारेही दोघे आहेत. म्हणजे ही गळती ताटातून होत नाही. ती भाजीच्या टोपलीतून, पातेल्यातून आणि फ्रीजच्या मागच्या रांगेतून होते. गळती नेमकी कुठे आहे हे कळणे हेच तपासणीचे अर्धे काम.

आपल्या घरांची एक अडचण इतरांहून वेगळी आहे, आणि बचतीवर लिहिणारी मंडळी तिचा उल्लेख सहसा करीत नाहीत. सर्वसाधारण मराठी घरात रात्रीची पोळी सकाळी कुस्करून फोडणीला पडते, उरलेल्या भाताचा फोडणीचा भात होतो, आणि तो पुष्कळांना ताज्या भातापेक्षा आवडतो. ज्या घरात वासी अन्न वर्ज्य आहे तिथे हा मार्ग बंद. सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकल्यावर पातेल्यात जे राहिले ते त्याच संध्याकाळी कोणाच्या मुखी लागले तर लागले, नाही तर सकाळी ते बादलीत जाते. नियम जितका कडक तितका स्वयंपाकाचा अंदाज नेमका हवा. पूर्वी तो सासूच्या मुठीत असे. आज घरातली चार माणसे चार वेळांना येतात, एकाचे जेवण दुकानात, एकाचे बाहेर, आणि कणीक मात्र सहा जणांची मळली जाते. आमच्याकडे यावर साधा उपाय झाला आहे. दुपारी चार वाजता घरच्या मंडळींच्या मोबाइल गटावर एकच प्रश्न जातो, ‘संध्याकाळी कोण?’ उत्तर न देणाऱ्याच्या वाट्याला खिचडी नाही. तांदूळ मुठीने न घेता वाटीने मोजले जातात. हे सांगताना हसू येईल. पण महिन्याच्या कागदावर उरलेल्या भाताचा आणि पोळ्यांचा रकाना याच दोन गोष्टींनी सर्वांत लवकर उतरला.

उरलेल्या पोळीवरचा उपाय आपल्या आज्या-पणज्यांनी केव्हाच शोधून ठेवला आहे. दुपारची पोळी त्याच दिवशी मंद आचेवर कापडाच्या बोळ्याने दाबून कडक भाजली की तिच्यातील ओलावा जातो आणि खाखरा होतो. काटकसर आणि नियम दोन्ही एका तव्यावर. आता तोच खाखरा आपण दहा चवींत, चकचकीत पाकिटांतून विकत आणतो आणि घरच्या पोळ्या टाकतो. खाखऱ्याचा धंदा करणाऱ्या माझ्या वाचक-बांधवांनी रागावू नये, त्यांचा माल उत्तम असतो; पण घरच्या तव्यालाही थोडे काम राहू द्यावे.

मिठाई-फरसाणाला आपल्याकडे काळमर्यादा पाळली जाते. पावसाळ्यात १५ दिवस, उन्हाळ्यात २०, हिवाळ्यात ३०. पाकिटांवर मुदतीची तारीख छापण्याचा कायदा येण्याच्या कितीतरी आधीची ही मुदत आहे, आणि हवेतील दमटपणा वाढला की मुदत घटवावी हे तिचे तर्कशास्त्र कोणत्याही अन्नतंत्रज्ञाला पटेल. तथापि तिचा उपयोग आपण बहुधा एकाच बाजूने करतो. मुदत उलटली की डबा रिकामा करतो, डबा भरताना मात्र मुदत आठवत नाही. दिवाळीत आलेल्या मिठाईच्या पेट्यांवर आल्या दिवशीची तिथी पेनाने लिहून ठेवावी. पंधरा-वीस दिवसांत घरात संपणार नाहीत एवढ्या पेट्या असतील तर त्या दुसऱ्याच दिवशी दुकानातील कामगारांच्या, वाहनचालकाच्या, सोसायटीच्या रखवालदाराच्या घरी पोचवाव्यात. एकोणिसाव्या दिवशी दिलेल्या मिठाईत देणाऱ्याची सोय दिसते, आणि घेणाऱ्याला ती कळते.

भाजीच्या बाबतीत पंचांग उघडून बाजारात जावे. ज्या घरी पाच तिथींना हिरवी भाजी वर्ज्य आहे तिथे षष्ठीला आणलेली पालकाची जुडी अष्टमीला नुसती बसून राहते आणि नवमीला ओळखू येत नाही. पर्युषणाच्या आठ दिवसांआधी तर फ्रीजचा भाजीचा खण मुद्दाम रिता करीत आणायला हवा. तिथीच्या आदल्या दिवशी टिकाऊ भाजीही आणू नये. त्या दिवशी घरात काय आहे तेच संपवावे. आठवड्याची एकगठ्ठा खरेदी स्वस्त पडते हा हिशेब पाव भाग फेकला जातो तिथे खोटा ठरतो.

फ्रीज म्हणजे नजरगहाण मालाचे गोदाम समजावे. आम्ही गोदामाच्या पाहणीला जात असू तेव्हा पुढच्या रांगेत नवीकोरी पोती असत. अनुभवी अधिकारी पुढच्या पोत्यांकडे पाहतच नसे, तो सरळ मागच्या भिंतीशी जाई. तिथे दोन हंगाम जुना माल सापडे, आणि कागदावर त्याची किंमत ताज्या भावाने लावलेली असे. फ्रीजची पाहणी अशीच मागून करावी, आठवड्यातून एकदा, बाजारात जाण्याच्या आधी. जुने पुढे, नवे मागे. किराणा दुकानदाराला हे शिकवावे लागत नाही. त्याच्या दुकानात प्रत्येक डबा असाच लावलेला असतो.

सालींविषयी फार लिहीत नाही, कारण भगिनीवर्ग माझ्याहून जाणता आहे. दोडक्याच्या शिरांची आणि दुधीच्या सालीची चटणी, कोथिंबिरीच्या देठांचे वाटण, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची भाजी हे पदार्थ आपल्या स्वयंपाकघरांतून गेले ते चवीमुळे नव्हे. साल ठेवणे हे गरिबीचे लक्षण मानले जाऊ लागले, म्हणून ते गेले.

आता समारंभांकडे वळतो. घरात आपण ग्रॅमने वाचवतो आणि मांडवात क्विंटलने घालवतो. लग्नाच्या जेवणात किती पदार्थ होते यावर घराण्याची पत ठरते, आणि पदार्थांची संख्या वाढली की प्रत्येक पदार्थाचा एक चमचा ताटात राहतो. साठ पदार्थांचे साठ चमचे. केटररशी करार बहुधा ताटांच्या हिशेबाने होतो. नऊशे येणार असताना बाराशे ताटे सांगितली जातात, कारण कमी पडण्याची भीती. या भीतीची किंमत तीनशे ताटे. करारात किमान ताटांचा आकडा खाली ठेवून वरच्या दहा टक्क्यांची तयारी कच्च्या मालाच्या स्वरूपात ठेवावी, चिरलेल्या-शिजवलेल्या स्वरूपात नको, असे सांगता येते. मान्य करणारे केटरर आहेत. फक्त विचारणारे यजमान कमी. कच्चा माल उरला तर तो परत जातो. शिजलेला उरला तर रात्री अकरा वाजता तो घेणारे कोणी सापडत नाही.

साधर्मिक वात्सल्याच्या पंगतीत चित्र निराळे दिसते. वाढणारे थोडे थोडे वाढतात, पुन्हा पुन्हा येतात, आणि शेवटी थाळी धुऊन पिण्याची जुनी रीत अजूनही पाळली जाते. उष्ट्या अन्नात अंतर्मुहूर्तात, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत, संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते हे तिच्यामागचे शास्त्रीय कारण आपण जाणतो. मला त्यात व्यवस्थापनाचाही एक भाग दिसतो. जे शेवटी धुऊन प्यायचे आहे ते माणूस मुळात जपूनच घेतो. बुफेच्या टेबलाशी असा कोणताही हिशेब चुकता करावा लागत नाही. ताट टबात ठेवले की संबंध संपला. समारंभातील उरलेले अन्न द्यायचे असेल तर त्याची व्यवस्था आधी ठरवावी. कोण नेणार, किती वाजता, कोणत्या भांड्यांत. अतिरिक्त अन्न गोळा करून वाटण्याविषयी अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१९ मध्ये नियम केले आहेत. अन्न सुस्थितीत आणि मुदतीत पोचावे असा त्यांचा रोख आहे. ताटातील उष्टे आणि पातेल्यातील अस्पर्श अन्न यांत फरक करावा, हे वेगळे सांगायला नको. पाण्याच्या अर्ध्या प्यालेल्या छोट्या बाटल्या हा दुसरा विषय. त्या मांडवातून एकदम बंद करता येतात. तांब्या-पेला घेऊन फिरणारे चार स्वयंसेवक पुरतात, आणि घरातली मुले हे काम हौसेने करतात.

पाण्याच्या बाबतीत आपला वारसा मोठा आहे आणि त्यामुळे आजची विसंगती अधिक टोचते. पाणी तुपासारखे वापरावे ही शिकवण प्रत्येक घरात ऐकलेली आहे. आजी विहिरीचे पाणी दुपदरी कापडातून गाळी, आणि गाळण्यावर राहिलेली जिवाणी जपून त्याच विहिरीत परत सोडी. त्या क्रियेत एक थेंबही वाया जात नसे. तिच्याच नातवंडांच्या स्वयंपाकघरात आज आर.ओ. यंत्र आहे. घरगुती यंत्रे एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन ते तीन लिटर पाणी नळीवाटे गटारात सोडतात. पाच माणसांच्या घरात पिण्या-शिजवण्याला रोज २५ लिटर लागले तर दुप्पट धरूनही ५० लिटर बाहेर जाते, वर्षाला १८,२५० लिटर. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. धरणातून येणारे महापालिकेचे पाणी सहसा या मर्यादेच्या बरेच खाली असते. खडकवासल्याचे पाणी पिणाऱ्या पुणेकराला क्षार काढण्याचे यंत्र लागण्याचे कारण मला दिसत नाही. जंतूंसाठी उकळणे किंवा अतिनील किरणांचे यंत्र पुरते, आणि उकळलेले पाणी तर आपल्याकडे व्रत म्हणूनच प्यायले जाते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्र सरकारला सांगितले होते की क्षार ५०० मिलिग्रॅमहून कमी असतील तिथे आर.ओ. यंत्रांना मनाई करावी, आणि जिथे ती लागतील तिथे किमान ६० टक्के पाणी वापरात यावे. क्षार मोजणारे पेनाएवढे उपकरण काही शे रुपयांत मिळते. यंत्रविक्रेत्याच्या सल्ल्याआधी ते आणावे. ज्यांच्याकडे कूपनलिकेचे जड पाणी आहे त्यांना यंत्र ठेवावेच लागेल. त्यांनी बाहेर पडणारे पाणी बादलीत धरून लादी पुसण्यास, स्वच्छतागृहात ओतण्यास वापरावे. कुंडीतल्या झाडांना रोज घालू नये, क्षार मातीत साठतात.

टपकणाऱ्या नळाचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा. नळाखाली पाव लिटरचे भांडे ठेवून घड्याळ लावावे. पंधरा मिनिटांत भरले तर तासाला एक लिटर, दिवसाला २४, वर्षाला ८,७६० लिटर. उन्हाळ्यात सोसायटीत येणारा टँकर सहसा १०,००० लिटरचा असतो. म्हणजे एका वायसरच्या आळसापायी वर्षाला जवळजवळ एक टँकर. वायसर हार्डवेअरच्या दुकानात दहा-वीस रुपयांना मिळतो, आणि आपल्या वाचकांपैकी कित्येकांचे ते दुकानच आहे.

विजेचे थोडक्यात सांगतो. दिव्यांची बचत बहुतेक घरांनी केलेलीच आहे. ६० वॅटच्या दिव्याचे काम ९ वॅटचा एल.ई.डी. करतो हे आता कोणाला पटवावे लागत नाही. पंख्यांकडे मात्र लक्ष गेलेले नाही. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, नवा बी.एल.डी.सी. पंखा सुमारे ३०. रोज १२ तास आणि वर्षात २७० दिवस धरले तर एका पंख्यामागे सुमारे १४५ युनिट वाचतात. घरात चार पंखे आणि दुकानात सहा असतील तर गुणाकार आपला आपण करावा. दुकानातले पंखे आधी बदलावेत, कारण ते अधिक तास चालतात आणि दुकानाचा वीजदरही चढा असतो. वातानुकूलन यंत्र २४ अंशांवर ठेवावे. अंश एकाने वाढवला की विजेत सुमारे ६ टक्के बचत होते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. सोळा अंशांवर यंत्र ठेवून वर रजई घेणारे तरुण मी पाहिले आहेत. त्यांच्याशी वाद घालू नये, महिन्याचे बिल त्यांच्या हाती द्यावे.

दुकानाविषयी दोन गोष्टी. प्लास्टिक पिशव्यांचे नियम आपल्याला पाठ असतात ते दंडाच्या भीतीने. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनहून पातळ पिशवी देशभर बंद आहे, आणि महाराष्ट्रात तर २०१८ पासूनच हातमूठीच्या पिशव्यांवर बंदी आहे. तरी ‘गिऱ्हाईक मागते’ म्हणून गल्ल्याखाली एक गठ्ठा असतोच. कापड-व्यापाऱ्यांकडे कापलेल्या तुकड्यांचा ढीग असतो आणि शिवणकाम शोधणाऱ्या भगिनी प्रत्येक संघात असतात. या दोघांची गाठ घालून दिली की पिशव्या तयार. फरसाणवाल्या बंधूंसाठी दुसरी गोष्ट. तळणीच्या तेलातील ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते वापरू नये असा नियम २०१८ पासून आहे, आणि असे तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल करण्याची योजनाही प्राधिकरणाने त्याच वर्षी सुरू केली. हे तेल मोरीत ओतले तर नळ्या तुंबतात; हलक्या दराने रस्त्यावरच्या गाडीवाल्याला विकले तर ते पुन्हा माणसांच्या पोटात जाते. नोंदणीकृत संकलकाला द्यावे, पावती घ्यावी.

आता कचऱ्याच्या बादलीकडे. या विषयावर आपल्या समाजात जो संकोच आहे तो मला खरा आणि आदरणीय वाटतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. घरच्या घरी खत करावे असे सांगितले की अनेक घरांतून प्रश्न येतो, ‘त्यात किडे होतात. जाणूनबुजून जीवोत्पत्ती कशी करायची? गांडुळे विकत आणून डब्यात कशी कोंडायची?’ प्रश्न गैर नाही. पण त्याचा दुसरा भाग आपण विचारीत नाही, तो असा की घरी केले नाही तर त्या सालींचे काय होते. आपण त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून घट्ट गाठ मारतो आणि दाराबाहेर ठेवतो. पिशवीत हवा नसते, त्यामुळे आतले सडते. जीवोत्पत्ती होतेच, फक्त आपल्या नजरेआड होते. तशाच पिशव्यांचे डोंगर मुंबईत देवनारला १९२७ पासून आणि पुण्याजवळ उरुळी देवाची-फुरसुंगीला साठत गेले. सडणाऱ्या ढिगातून मिथेन वायू निघतो आणि तो पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर दिवसेंदिवस मुंबईवर होता. त्या आगीत किती त्रस जीव गेले असतील याची मोजदाद कोणत्याही वहीत नाही.

शिवाय काही पिशव्या ढिगापर्यंत पोचतच नाहीत. रस्त्यावरच्या गायीला सालींचा वास येतो, गाठ सोडता येत नाही, ती पिशवीसकट गिळते. पांजरापोळांच्या विश्वस्तांना हे सांगायला नको. गायीच्या पोटाची शस्त्रक्रिया करून कित्येक किलो प्लास्टिक काढल्याचे प्रसंग पशुवैद्यांच्या नित्याच्या अनुभवातले झाले आहेत. आपण पांजरापोळाला देणगी देतो, चाऱ्याच्या तिथ्या लिहवतो, आणि त्याच सकाळी आपल्या दारातून गाठ मारलेली पिशवी निघते. एका खात्यात जमा आणि दुसऱ्या खात्यात नावे. ताळेबंद मांडला तर शिल्लक काय राहील?

खताच्या प्रश्नावर माझे मत असे आहे, आणि ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या गुरुमहाराजांना विचारून ठरवावे. गांडुळे कोंडणे मनाला पटत नसेल तर ते करू नये. त्यावाचून अडत नाही. साली उन्हात दोन दिवस वाळवल्या की त्यांचे वजन बरेच उतरते आणि सडण्याचे कारणच राहत नाही, कारण सडण्याला ओलावा लागतो. वाळलेल्या साली, सुका पाला आणि थोडी माती असे थर देत गेले, डब्याला हवेसाठी भोके ठेवली आणि शिजलेले, तेलकट, आंबट त्यात घातले नाही, तर दुर्गंधी येत नाही आणि अळ्याही सहसा होत नाहीत. साधूंच्या पाच समित्यांत शेवटची पारिष्ठापनिका समिती आहे. त्याज्य वस्तू कोरड्या, निर्जीव जागी, पाहून-पारखून, यतनेने ठेवावी हा तिचा आशय. गृहस्थाला तितके पाळणे अशक्य आहे, पण कोरडेपणा आणि पाहून ठेवणे या दोन गोष्टी गच्चीवरही साधतात. मंदिरातील फुले याच पद्धतीने वाळवून झाडांना घालता येतात.

ज्यांना हेही शक्य नाही त्यांनी निदान वेगळे करून द्यावे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करून देणे घराघरावर बंधनकारक केले. आपण वेगळे करीत नाही तेव्हा दुसरे कोणी तरी करते. पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ मध्ये उभी राहिली आणि त्यांतूनच २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली; दारोदारी येणाऱ्या बहुतेक जणी तिच्या सभासद आहेत. एकत्र कचऱ्यात हात घालून काच, सुया, वापरलेले डायपर आणि खरकटे निवडणारा हात त्यांचा असतो. फुटलेली काच जाड कागदात बांधून वर तसे लिहावे. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून लाल खूण करून वेगळे द्यावेत. मुदतबाह्य औषधे आणि बॅटऱ्या तिसऱ्या डब्यात. दुधाच्या पिशव्या एक कोपरा न तोडता, फक्त चीर देऊन कापाव्यात, कारण तो इवला तुकडा वेचता येत नाही. पिशवी विसळून वाळवली तर तिला भाव मिळतो, आणि तो पैसा त्या बाईच्या घरी जातो.

ओल्या कचऱ्याची बादली मात्र पिशवीशिवाय ठेवावी आणि खाली येणाऱ्या ताईंच्या डब्यात थेट रिकामी करावी. पिशवी नसली की बादली रोज धुवावी लागते, पाणी जाते, अशी तक्रार सुरुवातीला आमच्याकडेही झाली. तळाशी वर्तमानपत्राचा एक कागद अंथरावा. कागद सालींबरोबर निघून येतो आणि बादली धुण्यास तांब्याभर पाणी पुरते. तेही भाजी धुतलेले असले तर चालते.